वाचकांचे प्रश्न : इंग्रजी वाक्यात 'इट' आणि 'देम' नेमके कुठे बसतात?

प्रश्न : आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बाहेरच्या ग्राहकांना मेल मीच लिहितो. 'वी रिसीव्ह्ड द सॅम्पल. वी लाइक्ड व्हेरी मच.' असं लिहिलं की मुलगी म्हणते, 'लाइक्ड'नंतर 'इट' हवं. सॅम्पलचं नाव आधीच्या वाक्यात येऊन गेलंय, मग पुन्हा 'इट' कशाला? (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. 'वी लाइक्ड इट व्हेरी मच' असंच लिहायला हवं.

आपण मराठीत म्हणतो, 'चादर मिळाली, आवडली, ठेवून घेतली.' यात चादर एकदाच आली आणि 'मी' तर आलाच नाही. तरी काही अडत नाही, कारण तिन्ही क्रियापदांच्या शेवटची 'ली' चादरीकडे बोट दाखवते. सोलापुरात ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, त्यांनाही हीच सवय असते. त्या भाषांतही क्रियापद शेवटी येतं आणि करणारा कोण हे बहुतेकदा त्याच्या रूपावरूनच कळतं. त्यामुळे घरची भाषा कुठलीही असो, आपल्याकडे ही चूक सारखीच होते.

इंग्रजीतल्या 'लाइक्ड'ला असा प्रत्ययच नाही. मी, तुम्ही, ती, ते, सगळ्यांसाठी 'लाइक्ड' एकच. म्हणून कर्ता क्रियापदाच्या आधी आणि कर्म क्रियापदाच्या नंतर, या दोन्ही जागा भरलेल्या लागतात. वरचं चादरीचं वाक्य इंग्रजीत 'आय गॉट इट, लाइक्ड इट अँड केप्ट इट' असं होईल. इथे एक गोष्ट नीट पाहा. 'आय' एकदाच आला तरी चालला, कारण 'अँड'ने जोडलेल्या क्रियापदांना एक कर्ता पुरतो. 'इट' मात्र तिन्ही वेळा आलं. क्रियापदं अगदी शेजारीशेजारी असली, तर एक 'इट' शेवटी पुरतं, जसं 'वी वॉश्ड अँड फोल्डेड इट'.

सगळ्याच क्रियापदांना कर्म लागतं असं नाही. 'ईट', 'रीड', 'राइट', 'कुक' ही कर्माशिवाय चालतात. 'लाइक', 'वाँट', 'नीड', 'ब्रिंग', 'रिसीव्ह' ही अशी मोकळी सोडू नका. मेल पाठवण्याआधी फक्त ही क्रियापदं शोधा आणि प्रत्येकाच्या पुढे नाम किंवा सर्वनाम आहे का ते बघा. आपल्याकडच्या मेलमधल्या बऱ्याच चुका तिथेच सापडतील.

कर्म गाळण्याची रीत इंग्रजीतही आहे, पण ती सूचनांपुरती. तुमच्याच टॉवेलच्या लेबलवर 'वॉश सेपरेटली, डू नॉट ब्लीच' छापलेलं असतं. काय धुवायचं ते लिहावं लागत नाही, कारण लेबल त्या टॉवेललाच शिवलेलं आहे. तसंच मोबाइलवरच्या निरोपात 'विल कॉल टुमॉरो' असं इंग्रज माणूसही लिहितो. पण तो कर्ता गाळतो वाक्याच्या अगदी सुरुवातीचा, आणि बहुधा 'आय'. 'बिकॉज', 'इफ' यांच्यापुढचा कर्ता तो गाळत नाही. 'बिकॉज वॉज लेट' निरोपातही चुकीचंच.

प्रश्न : 'सेंड बॅक द टॉवेल्स' बरोबर, मग 'सेंड बॅक देम' चूक कसं? 'लुक ॲट देम' मात्र चालतं! (साखर पेठ)

उत्तर : 'बॅक', 'ऑफ', 'अप' असे जोडशब्द क्रियापदाला चिकटले, की नाम दोन्हीकडे बसतं. 'सेंड बॅक द टॉवेल्स' म्हणा की 'सेंड द टॉवेल्स बॅक', दोन्ही ठीक. सर्वनामाला मात्र मधलीच जागा. 'सेंड देम बॅक', 'स्विच इट ऑफ', 'पिक इट अप'. कारण इंग्रजी वाक्याचा भार शेवटाकडे असतो. नवी किंवा लांबलचक गोष्ट शेवटी जाते आणि आधीच ठाऊक असलेली, बोलताना जोरही न पडणारी 'इट', 'देम' ही क्रियापदाला लगटून बसतात. उलट कर्म लांब असेल तर ते मध्ये घालू नका. 'स्विच ऑफ द लूम्स दॅट आर रनिंग विदाउट यार्न' हे सरळ वाचता येतं. 'ऑफ' शेवटी ढकललात, तर वाचणारा तिथे पोहोचेपर्यंत 'स्विच' विसरलेला असतो.

'लुक ॲट' मधला 'ॲट' वेगळ्या जातीचा, शब्दयोगी. ओळखायचं कसं? नाम मध्ये घालून बघा. 'लुक द मशीन ॲट' असं कुणीच म्हणणार नाही. नाम मध्ये बसत नसेल, तर सर्वनामही बसत नाही. 'लुक आफ्टर इट', 'वेट फॉर देम' ही त्याच जातीची. मोठ्याने म्हणूनही फरक कळतो. 'स्विच इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर पडतो, 'लुक ॲट इट'मध्ये 'लुक'वर.

प्रश्न : मी शिकवणी घेते. मुलं सर्रास 'सर एक्सप्लेन्ड मी' आणि 'सर टोल्ड दॅट' म्हणतात. नियम एका ओळीत सांगता येईल का? (जुळे सोलापूर)

उत्तर : एका ओळीत नाही, पण क्रियापदांच्या जोड्या करून शिकवता येईल. 'टेल'ला लगेच माणूस लागतो, 'सर टोल्ड अस दॅट...'. 'से'ला लागत नाही, 'सर सेड दॅट...'. 'इन्फॉर्म' हे 'टेल'सारखं, म्हणून पत्रातलं 'वी इन्फॉर्म दॅट' चूक, 'वी इन्फॉर्म यू दॅट' बरोबर. मराठीत 'सरांनी सांगितलं की' इतकं पुरतं, म्हणून तो माणूस हटकून गळतो.

'गिव्ह', 'सेंड', 'शो' या क्रियापदांपुढे माणूस आणि वस्तू अशी दोन नामं सरळ मांडता येतात. 'शो मी द चादर.' 'एक्सप्लेन', 'सजेस्ट', 'डिस्क्राइब' यांना ते चालत नाही, माणसाआधी 'टु' हवाच. 'एक्सप्लेन द सम टु मी.' समजावायची गोष्ट लांब असेल, तर 'टु मी' आधी येतो. 'एक्सप्लेन टु मी हाउ द मशीन वर्क्स.' आणि वस्तू 'इट' असेल, तर 'गिव्ह इट टु मी' हीच बिनधोक रचना.

मुलांना फळ्यावर नियम देण्यापेक्षा क्रियापदाबरोबर त्याचा पूर्ण नमुना पाठ करायला लावा. 'एक्सप्लेन समथिंग टु समवन', 'टेल समवन समथिंग'. नुसतं 'एक्सप्लेन म्हणजे समजावणे' असं पाठ केलं, की चूक तिथेच रुजते.

प्रश्न : 'द बुक विच आय बॉट इट' यात चूक काय? आणि 'डॉक्टर कोटणीस, ही वेन्ट टु चायना इन 1938' हे वाक्य निबंधात कापलं गेलं. (महाविद्यालयीन विद्यार्थी, सात रस्ता)

उत्तर : दोन्हीकडे एकाच जागेवर दोघं बसलेत. मराठीत 'जे पुस्तक घेतलं ते' अशी जे-तेची जोडी लागते. इंग्रजीत 'विच' एकटाच पुरतो. 'बॉट'नंतरची कर्माची जागा त्यानेच रिकामी केलेली असते, तिथे 'इट' घालायचं नाही. ही चूक तपासायला उपवाक्य सुटं करून बघा. 'आय बॉट द बुक' मधलं 'द बुक' उचलून 'विच' झालं, म्हणजे मागे काही उरायला नको. कर्माच्या जागचं 'विच' गाळताही येतं, 'द बुक आय बॉट'. कर्त्याच्या जागचं गाळता येत नाही. 'द टॉवेल्स दॅट केम बॅक' मधला 'दॅट' काढलात, तर वाक्य मोडतं.

कोटणीसांच्या वाक्यात कर्ता आधीच आहे, 'ही' जास्तीचा. बोलताना इंग्रज लोकही असं नाव आधी घेऊन मग 'ही' म्हणतात, म्हणून ते कानाला खटकत नाही. निबंधात 'डॉक्टर कोटणीस वेन्ट टु चायना इन 1938' एवढंच लिहा.

प्रश्न : 'इज 250 किलोमीटर्स फ्रॉम पुणे टु सोलापूर' यात कर्ता कोणता घालायचा? (होटगी रोड)

उत्तर : 'इट'. अंतर, वेळ, हवामान यांच्या वाक्यात 'इट'ला अर्थ नसतो, तो फक्त कर्त्याची जागा धरतो. 'इट इज अबाउट 250 किलोमीटर्स', 'इट इज व्हेरी हॉट इन मे'. गड्ड्याच्या यात्रेत गर्दी आहे असं सांगायचं तर 'इट' नाही, 'देअर' घ्या. 'देअर इज अ बिग क्राउड.' आणि 'देअर'नंतरचं क्रियापद पुढच्या नामाकडे बघून ठरवा, 'देअर आर मेनी स्टॉल्स'.