प्रोलीनचा उत्प्रेरक म्हणून उपयोग

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पात प्रोलीन हे अमिनो आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरायचे आहे. आम्ही शाळेत निकेल, प्लॅटिनम हे धातू उत्प्रेरक म्हणून शिकलो. प्रथिनातला एवढासा घटक हे काम कसे करतो आणि त्यातून नेमके काय साधते?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या शालेय पुस्तकातली उदाहरणे बरोबरच होती, तेलापासून वनस्पती तूप करताना निकेलच वापरतात. प्रोलीनचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. त्याचा रेणू पाच अणूंच्या कड्याचा असून त्या कड्यातच नायट्रोजन बसलेला असतो आणि शेजारी आम्लाचा गट असतो. ॲसिटोन व एखादे अल्डिहाइड (टोकाच्या कार्बनवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन असलेला पदार्थ) जोडायचे असते तेव्हा हा नायट्रोजन आधी ॲसिटोनला पकडतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि इनॅमिन नावाचा मधला पदार्थ तयार होतो, ज्यातला कार्बन साध्या ॲसिटोनमधल्या कार्बनपेक्षा अल्डिहाइडशी कितीतरी सहज जोडला जातो. त्याच वेळी आम्लगटावरचा हायड्रोजन अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. नवा बंध जुळला की पाणी पुन्हा मध्ये येते, प्रोलीनची गाठ सुटते आणि ते पुढच्या ॲसिटोनकडे वळते. आपल्या शरीरातले अल्डोलेज हे विकर (एन्झाइम) त्यातल्या लायसिन या अमिनो आम्लाच्या नायट्रोजनने साधारण असेच काम करते. त्या अवाढव्य रेणूतला प्रत्यक्ष राबणारा भाग किती लहान असतो, हे यावरून लक्षात येते.

यातली मोलाची गोष्ट म्हणजे अल्डिहाइडच्या कोणत्या बाजूने बंध जुळावा, हेही प्रोलीन बऱ्याच अंशी ठरवते. डाव्या सोंडेचा आणि उजव्या सोंडेचा गणपती आरशात एकमेकांसारखे दिसतात, पण एकाच्या साच्यातून दुसरा काढता येत नाही; अनेक रेणूंच्या अशाच दोन मूर्ती असतात. कार्व्होन या वासाच्या पदार्थाची एक मूर्ती पुदिन्याच्या एका जातीला तिचा वास देते, तर दुसरी शेपूच्या बियांत सापडते. औषधांच्या बाबतीत हा फरक वासापुरता राहत नाही, म्हणून हवी ती एकच मूर्ती घडवण्याला इतके महत्त्व आहे. हे काम दीर्घकाळ मुख्यतः विकरांकडून किंवा धातूंच्या संयुगांकडून करून घेतले जात असे.

प्रोलीनचा हा गुण 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्टेरॉइडांसाठी लागणारी कडी जुळवताना दिसला होता, परंतु ती त्या एका अभिक्रियेची खासियत मानली गेली आणि सुमारे पाव शतक त्यामागचे सर्वसाधारण तत्त्व कोणी उचलले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. 2000 साली रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या ॲसिटोनवर प्रोलीन वापरून पाहिले. त्याच वर्षी दुसरे रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकमिलन यांनी फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लापासून केलेल्या उत्प्रेरकाने दालचिनीतल्या सिनॅमाल्डिहाइडवर डील्स–आल्डर ही कडे जुळवणारी अभिक्रिया घडवली आणि या पद्धतीला ऑर्गॅनोकॅटॅलिसिस, म्हणजे सेंद्रिय उत्प्रेरण, हे नाव दिले. या दोघांना 2021 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्या मुलीने सुरुवात 4-नायट्रोबेंझाल्डिहाइडपासून करावी. ते 1.51 ग्रॅम घेतले तर 30 मोल टक्के प्रमाणाने, म्हणजे अल्डिहाइडच्या शंभर रेणूंमागे प्रोलीनचे तीस, 0.345 ग्रॅम प्रोलीन लागते. डीएमएसओ हा द्रावक आणि ॲसिटोन यांच्या मिश्रणात फिकट पिवळे अल्डिहाइड विरघळते, प्रोलीनची पांढरी भुकटी काही काळ तळाशी फिरत राहते, आणि तापवण्याची किंवा हवा काढून टाकण्याची गरज पडत नाही. टीएलसीच्या (मिश्रणातले घटक ठिपक्यांनी वेगळे दाखवणाऱ्या चाचणीच्या) पट्टीवर अल्डिहाइडचा ठिपका फिका होत जातो व त्याच्या खाली नवा ठिपका उमटतो. लिस्ट यांना या अभिक्रियेत 68 टक्के उत्पन्न आणि 76 टक्के एनॅन्शिओमरिक आधिक्य (एका मूर्तीचे दुसरीपेक्षा जास्तीचे प्रमाण) मिळाले होते, म्हणजे शंभरातले 88 रेणू एका मूर्तीचे आणि 12 दुसरीचे. तिचा आकडा कमी आला तर निराश होऊ नये. पद्धतीची खरी उणीवही तिने अहवालात लिहावी, ती म्हणजे उत्प्रेरक फार लागतो. धातूचे उत्प्रेरक अनेकदा एक टक्का किंवा त्याहूनही कमी पुरतात. मात्र त्यांचा अंश औषधात राहू नये म्हणून खटपट करावी लागते. तोंडाने घेण्याच्या औषधांत पॅलेडियम या धातूची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे.

मिळालेला पदार्थ कोणत्या बाजूला झुकला आहे, हे पोलॅरिमीटरवर, म्हणजे पदार्थातून जाताना प्रकाशाचे प्रतल किती कोनात वळते ते मोजणाऱ्या उपकरणावर, पाहता येते. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांत उसाच्या रसाचे ‘पोल’ मोजतात तेच हे उपकरण. पदार्थ आधी नीट शुद्ध केलेला हवा, नाहीतर कोन फसवतो. पक्के प्रमाण कायरल कॉलमच्या एचपीएलसीवरच, म्हणजे दोन्ही मूर्ती वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्रावरच, काढावे.

प्रश्न : ‘सेंद्रिय उत्प्रेरक’ म्हणजे सेंद्रिय गुळासारखा निरुपद्रवी का?
— एक वाचक, वाई

उत्तर : नाही. गुळाच्या पाटीवरचा ‘सेंद्रिय’ शब्द लागवडीबद्दल बोलतो, तर येथे त्याचा अर्थ कार्बनचा सांगाडा असलेला रेणू एवढाच आहे. प्रोलीन निरुपद्रवी आहे हे खरे. पण जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्नोव्हेनागेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्प्रेरक म्हणून वापरलेले पिपरिडीनही सेंद्रियच. त्याचे नाव मिरीवरून पडले आणि मिरीतल्या पिपरिनपासून ते मिळवता येते, तरी ते ज्वालाग्राही आहे, त्वचेला लागले तर भाजते आणि त्याची बाटली फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच) उघडावी लागते.