ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवरच का अडतं?

प्रश्न : आमच्या भागातल्या जत्रांमधल्या नाटकांचं चित्रीकरण करून मी घरच्या संगणकावर संकलन करतो. त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्राचं काम करणारा भाग, दोन पंख्यांचं एनव्हिडिया आरटीएक्स ३०६० आहे. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) आणि पाहुण्यांसाठी जागा हवी म्हणून संगणकाचं कॅबिनेट देवघराशेजारच्या लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवलं, ते तिथेच राहिलं. तेव्हापासून दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या प्रोग्राममध्ये रेंडर (तयार व्हिडिओ बनवण्याचं काम) लावलं की तापमान ८३-८४ अंशांवर जाऊन थांबतं. पंख्यांचा आवाज घरभर येतो आणि रेंडर संपता संपत नाही. काम नसताना ५२ अंश दिसतात, पण पंखे फिरतच नाहीत. एकदोनदा स्क्रीनही काळी झाली. दुकानदार म्हणतो, कार्ड बदला. काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, इतक्यात कार्ड बदलू नका. तुमचं कार्ड मेलेलं नाही. ते स्वतःला सांभाळतंय, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे.

तापमान ८३ वर अडतं, पुढे जात नाही, हे वाचून बरेच जण निश्चिंत होतात. खरं तर काळजी करायची ती इथेच. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांत ८३ अंश ही नेहमीच्या चालीची हद्द ठरवलेली असते. ती गाठली की कार्ड स्वतःचा वेग उतरवतं, म्हणून आकडा जागच्या जागी राहतो आणि रेंडर लांबतं. या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंशांची आहे, म्हणजे लगेच जळण्याची भीती नाही. पण पैसे मोजून घेतलेली ताकद वाया जाते आहे. खात्री करायची तर जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडा. सेन्सरच्या पानावर ‘पर्फकॅप रीझन’, म्हणजे वेग कशामुळे अडलाय ते सांगणारी ओळ असते. रेंडर चालू असताना तिथे ‘थर्म’ दिसलं, तर वेग उष्णतेमुळेच उतरतोय.

काम नसताना पंखे बंद असतात ते बिघाड म्हणून नव्हे. साधारण पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत पंखे फिरवायचेच नाहीत, अशी सोय बऱ्याच कार्डांत असते. ५२ चा आकडा विसरून जा.

आता कपाटाकडे येते. कार्ड किती तापेल हे भोवतालच्या हवेवर ठरतं. कॅबिनेटमध्ये शिरणारी हवा दहा अंशांनी गरम झाली की कार्डही जवळपास तेवढंच वर चढतं. हे कार्ड पूर्ण ताकदीने चालताना १७० वॉटपर्यंत वीज खातं आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. बंद कप्प्यात तीच गरम हवा पुढच्या जाळीतून पुन्हा आत ओढली जाते. म्हणून एक पैसाही खर्च न करता पहिली गोष्ट ही करा : कॅबिनेट बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि तेच रेंडर पुन्हा लावा. मग बाजूचं झाकण उघडून आणखी एकदा लावा. झाकण काढल्यावर तापमान भरभर उतरलं, तर दोष कॅबिनेटच्या हवेत आहे. पुढे एक पंखा हवा आत घेणारा आणि मागे एक बाहेर टाकणारा बसवला की भागतं. फारसा फरक पडला नाही, तर दोष कार्डातच आहे. ही चाचणी झाली की झाकण परत लावा. आपल्याकडे उघड्या कॅबिनेटमध्ये मुंग्या आणि पाली शिरायला वेळ लागत नाही.

दोष कार्डात निघाला, तर आधी धूळ बघा. फोंड्याला माझ्या टेबलावर तुमच्या बाजूची जी कार्डं येतात, त्यांच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पत्र्यांत तांबडी धूळ असतेच. तिला पावसाळ्यातली दमट हवा आणि समई-अगरबत्तीची काजळी मिळाली की नमद्यासारखा थर बसतो, नुसत्या फुंकरीने तो निघत नाही. प्लग काढा, कार्ड बाहेर घ्या, मऊ ब्रशने थर सैल करा आणि मग ब्लोअर मारा. त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने ती भन्नाट फिरली तर बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं अजिबात नको. रेंडर चालू असताना दोन्ही पंखे फिरतात का, हेही डोळ्यांनी बघा.

चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, तिला हात सगळ्यात शेवटी. जीपीयू-झेडमध्ये ‘हॉट स्पॉट’ म्हणून चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं वेगळं तापमान दिसतं. नेहमीच्या तापमानापेक्षा ते दहा-पंधरा अंश जास्त असणं साधारण आहे. फरक पंचविसाच्या पुढे गेला, तर पेस्ट सुकली असण्याची शक्यता मोठी. पण आधी बिल काढा. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रू खोलू नका, कंपनीकडेच पाठवा. वॉरंटी संपली असेल आणि कुणी पेस्टबरोबर मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे मऊ पॅडही बदलणार असेल, तर जुन्या जाडीचेच घालायला सांगा. जाड पॅड घातले की हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि कार्ड पूर्वीपेक्षा जास्त तापतं.

मे महिन्यात खोलीतच ३३-३४ अंश असताना हे सगळं करूनही आकडा चढेल. तेव्हा एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाच्या विजेची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा. कार्ड १३६ वॉटच्या आसपास चालेल, आवाज उतरेल आणि रेंडरला थोडाच वेळ जास्त लागेल. संकलन करणाऱ्या प्रत्येकाला मी हे सुचवते.

राहिली काळी स्क्रीन. ८४ अंशांना कार्ड वेग कमी करतं, बंद पडत नाही. त्यामुळे कपाटाबाहेर, थंड कार्डावरही ती पुन्हा काळी झाली, तर कार्डाला वीज देणारी केबल घट्ट बसवून बघा. नंतर एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) तपासून घ्या, तोही त्याच कप्प्यात तापत होता. दुकानात न्याल तेव्हा नुसतं कार्ड नेऊ नका, संपूर्ण कॅबिनेट न्या आणि दुसरा एसएमपीएस लावून तुमच्यासमोर अर्धा तास रेंडर चालवायला सांगा.