पुण्याजवळच्या गावात माती, दगड आणि बांबूचं वाचनालय-सभागृह बांधलं तर टिकेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुळशी तालुक्यातल्या तुमच्या गावात वर्गणी काढून वाचनालय आणि लागून छोटं सभागृह बांधायचंय. तरुण मंडळी माती-बांबूचा आग्रह धरतायत, जुनी माणसं म्हणतायत पहिल्याच पावसात वाहून जाईल. मी स्थापत्य अभियंता आहे, पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करते. माझ्या मते टिकेल. मात्र दरवर्षी डागडुजी कोण करणार हे आधी ठरवा आणि साहित्य त्यावरून निवडा.

मातीच्या घराला घरची माणसं असतात. भिंत सारवली जाते, भेग दिसली की बुजवली जाते. समाजमंदिराला असं कोणी नसतं. लोक भिंतीला टेकून बसतात, मंडळाची पोरं बॅनरसाठी खिळे ठोकतात, पोपडा निघाला की 'ग्रामपंचायत बघेल'. म्हणून हात-पाठ लागेल तिथे मी उघडी माती ठेवणार नाही. दगडी जोतं, खिडकीच्या तळापर्यंत काळा दगड, त्यावर मातीची भिंत किंवा दाबून केलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा, आणि दोन्ही बाजूंनी चुन्याचा गिलावा. बॅनर लागणारच आहेत, तेव्हा त्यासाठी एक लाकडी पट्टी आधीच बसवून टाका.

माती कुठलीही चालत नाही. पूर्वेकडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. भिंतीला ती नको. तुमच्याकडची तांबूस माती चालण्याची शक्यता जास्त, पण वरचा मुळ्या-पाल्याचा थर काढून खालची घ्या. काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून हलवा आणि एक दिवस ठेवा. खाली वाळू बसते, मग बारीक गाळ, सगळ्यात वर चिकणमाती. वरचा थर फार जाड दिसला तर वाळू मिसळावी लागेल. विटा करायच्या असतील तर साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट घालतात, यंत्रात दाबतात आणि तीन-चार आठवडे पाणी मारतात.

आता पाऊस. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, घाटमाथ्याकडे सरकाल तसा तो कित्येक पटींनी वाढतो, आणि मुळशीत तो तिरका येतो. त्यामुळे छपराची वळचण निदान तीन-चार फूट बाहेर हवी. नैऋत्य आणि पश्चिम बाजूला तर सरळ पडवीच काढा. लग्नात पंगतीला तीच कामाला येईल. जोतं दोन-अडीच फूट उंच, आणि पागोळ्या पडतील तिथे फरसबंदी करून पाण्याला वाट. वर कौलं. पत्रा स्वस्त पडतो हे खरं, पण जुलैत पत्र्याखाली ग्रामसभा घेऊन दाखवा, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

बांबू सांगाड्याला छान आहे, विशेषतः कोकणातला माणगा, तो जवळजवळ भरीव असतो. तीन-चार वर्षांचा, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या. त्यातल्या साखर-पिठावर भुंगेरे येतात, म्हणून बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून वाळवतात. ही प्रक्रिया पावसात धुऊन जाते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. तेव्हा बांबू छपराखालीच राहू द्या. खिळा ठोकला की तो उभा चिरतो. भोक पाडून बोल्ट घालायचा आणि त्या पेरात सिमेंट-वाळूचा मसाला भरायचा.

पुस्तकांचं मात्र नीट बघा. मुळशीच्या दमट हवेत कुठल्याही भिंतीला टेकलेली पुस्तकं बुरसटतात, आणि वाळवी मातीतून चढते. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे, पायांवर उभी, वाचनालय पूर्वेच्या बाजूला.

जुन्या माणसांच्या मनात बहुधा किल्लारीचा भूकंपही आहे, आणि ती भीती रास्त आहे. १९९३ मध्ये तिथे माणसं मेली ती जाड भिंती आणि त्यावरच्या मातीच्या जड माळवदाखाली. मातीत रचलेले गोटे, आरपार जाणारे लांब दगड नाहीत, भिंतींना एकत्र धरणारा पट्टा नाही. २०१६ च्या भूकंप मानकात पुणे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे, आणि कोयनेचा १९६७ चा धक्का काही फार लांबचा नव्हता. तेव्हा छप्पर हलकं ठेवा. जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली सलग पट्टा द्या, लाकडाचा किंवा काँक्रीटचा. थोडं सिमेंट वापरलं म्हणून विटाळ होत नाही. मातीच्या बांधकामासाठी १३८२७ क्रमांकाचं भारतीय मानक आहे, तुमच्या अभियंत्याला ते वाचायला लावा.

कोणी शनिवारवाडा दाखवून 'बघा, कसा टिकला' म्हणालं, तर आठवण करून द्या की १८२८ च्या आगीत लाकडी मजले गेले आणि उरली ती तटबंदी आणि दगडी जोती. लाकूड-बांबूला आगीचा धोका असतो, तेव्हा वायरिंग नळीतूनच न्या.

स्वस्त पडेल या आशेवर राहू नका. माती फुकट असली तरी चाळणं, मळणं, रचणं यात मजुरी जाते. पण तो पैसा गावातल्या आणि आसपासच्या गवंडी, सुतार, वडारांकडे जातो, हे मला पटतं. जुने वाडे उतरवताना निघालेलं सागवान, घडीव दगड आणि कौलं पुण्यात विकत मिळतात. लाकूड ठोकून बघा, पोकळ वाजलं तर सोडा. पर्यावरणाचं म्हणाल तर चुनाही भाजावाच लागतो, पण सुमारे ९०० अंशांवर. सिमेंटच्या भट्टीला १४५० च्या आसपास लागतात.

वर्गणीसोबत शासकीय निधीही घेणार असाल तर एक अडचण आधीच सोडवा. अंदाजपत्रक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर होतं आणि दरसूचीत नसलेल्या कामाचा दर वेगळा मंजूर करून घ्यावा लागतो. तांत्रिक मान्यतेआधीच अभियंत्याशी बोला, नाहीतर अर्ध्यावर सगळं विटा-सिमेंटवर येईल.

जागेचा उतार कुठल्या बाजूला आहे आणि किती खोलीवर मुरूम लागतो, हे कळवलंत तर पायाबद्दल लिहिते.