आधी कान तपासा, मग जीभ

याही खेपेला तुमच्या पत्रांत मुलांच्या बोलण्याचेच प्रश्न जास्त. शेजारीण काय म्हणाली ते चार ओळींत आणि लेकरू काय करतं ते अर्ध्या ओळीत. जरा उलट लिहीत चला.

प्रश्न : दीड वर्षाची मुलगी सगळं डाव्या हाताने करते. सवय मोडावी का? (जालना)

मोडू नका. मात्र उजवा हात ती वापरतच नसेल, मूठ आवळून ठेवत असेल, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा झाला, 'आई'सुद्धा म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, त्याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले. जिभेला वेखंड उगाळून लावतो. ताटली पडली की दचकतो, म्हणजे ऐकू येतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचंय. आल्यावर दाखवलं तर चालेल का? (केज)

नाही चालणार, ताई. तोडणीचे पाच महिने म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. सोळा महिन्यांपर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे' असे दोन शब्द जोडले नाहीत, की तपासणी करायचीच. येत असलेले शब्द गेले, तर कुठल्याही वयात लगेच.

ताटली, ट्रॅक्टर, हलगी ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स', 'श', 'त' नीट ऐकू येत नसतील. असं मूल दचकतं, वळतं, आणि घरचे निर्धास्त राहतात! म्हणून आधी कानांची 'बेरा' तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्राने बघणं. ती मूल झोपलेलं असताना होते, दुखत नाही. मग आम्ही बघतो : हाक मारल्यावर तो तोंडाकडे बघतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो, की तुमचा हात धरून तिकडे ओढतो? बघत नसेल, बोट न दाखवता नुसता हात ओढत असेल, तर स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका येते. निदान मात्र समोर बसवूनच होतं, पत्रातून नाही.

वेखंड थांबवा. सासूबाईंशी भांडू नका, पण थांबवा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) कुठे आहे ते विचारा. अंगणवाडीताई चिठ्ठी देतील. तिथे पैसे पडत नाहीत. निघण्याआधी तपासणी उरका, कागद सोबत न्या. थेरपिस्ट शिकवतील ते खेळ कोपीवर, फडाजवळच्या झोपडीतही घेता येतात.

प्रश्न : डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारा 'मिडब्रेन' क्लास पाच वर्षांच्या मुलीला लावावा का? (नांदेड)

नाकाजवळच्या फटीतून दिसतं. पैसे राखून ठेवा.

प्रश्न : मानसशास्त्रात बी.ए. झाले. लहान मुलांच्या विकासात काम करायचंय. सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा पुरेल का? (उदगीर)

जाहिरातवाल्याला पुरेल. तुम्ही एम.ए. करा. क्लिनिकल काम, म्हणजे निदान-उपचार, करायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी हवीच. प्रवेशाचे नियम बदलत असतात, फी भरण्याआधी परिषदेकडेच खात्री करून घ्या. तोवर विचारून एखाद्या अंगणवाडीत सकाळी बसत जा. कोणतं मूल कोणाकडे बघतं, काय उचलतं, कशाने रडतं, एवढंच वहीत लिहा. मत लिहू नका.