जर्मनीत ऑर्गन शिकायला येण्याआधी

नाशिकहून तू विचारलंस की पियानोची आठवी ग्रेड झाली आहे, रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतेस, क्वायरही तूच बसवतेस. मग जर्मनीत येऊन कॉन्सर्ट ऑर्गनिस्ट आणि क्वायर कंडक्टर व्हायला काय करावं लागेल? जरूर ये. पण नुसत्या ऑर्गनवादनाच्या पदवीला अर्ज करू नकोस, किर्शेनमुझीक म्हणजे चर्च संगीताच्या कोर्सला कर. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं लक्षात ठेव.

केवळ मैफिलींवर घर चालवणारे ऑर्गनवादक जगभरात मोजकेच आहेत. जर्मनीत सुमारे 50,000 ऑर्गन आहेत, पण ते बहुतेक चर्चमध्ये आहेत आणि त्यांच्या किल्ल्या कांटोरकडे, म्हणजे चर्चच्या संगीतप्रमुखाकडे असतात. कांटोर ही पगारी नोकरी. रविवारची उपासना, लग्नं, अंत्यविधी, मुलांचा क्वायर, मोठ्यांचा क्वायर आणि वर्षभराच्या मैफिली, सगळं त्याच्याकडे. डिसेंबरात ऑर्केस्ट्रा बोलावून बाखचा ख्रिसमस ऑरेटोरिओ करायचा तर कंडक्टही तोच करतो. जर्मन ऑर्गनवादक आणि कंडक्टर कार्ल रिश्टरचंच बघ. लाइपझिगला शिकला, 1949 मध्ये तिथल्या थोमासकिर्शे या चर्चचा ऑर्गनिस्ट झाला, 1951 मध्ये म्युनिकला गेला आणि मार्कुसकिर्शे या चर्चची नोकरी करता करता म्युनिक बाख क्वायर नावारूपाला आणला. तुला हवं आहे ते नेमकं हेच.

कांटोरच्या पूर्णवेळ पदासाठी चर्च संगीतातली 'बी' म्हणजे बॅचलर किंवा 'ए' म्हणजे मास्टर लागते. मोठ्या चर्चची पदं 'ए'वाल्यांना मिळतात. 'सी' आणि 'डी' परीक्षा अर्धवेळ काम करणाऱ्यांसाठी.

प्रवेश परीक्षेत ऑर्गन, पियानो, गाणं, सूर ओळखणारा कान आणि हार्मनी तपासतात. बऱ्याच ठिकाणी क्वायरपुढे उभं राहून थोडी तालीमही घ्यावी लागते. आठवी ग्रेड पियानोपुरती कामी येईल. खरी अडचण पायांची. आपल्या नाटकांतल्या ऑर्गनला पाय हवा भरतात; इथे पाय सूर वाजवतात, पायांखालच्या साधारण 30 पट्ट्या, टाच आणि चवडा दोन्ही वापरून. चार आवाजांचं गीत घेतलंस की उजव्या हातात सोप्रानो-आल्टो, डाव्यात फक्त टेनर, पायात बेस. पियानोवाल्यांचा डावा हात इथे हट्ट धरतो: पाय खाली सरकले की तोही बेसमागे धावतो. त्यावर एकच इलाज, उजवा हात मांडीवर ठेवायचा आणि डावा हात व पाय एवढेच वाजवायचे, अगदी सावकाश. तुमच्या गीतपुस्तकातली गीतं आत्तापासून अशी बसव. पाइप ऑर्गन जवळ नसेल तर कॉम्प्युटरला जोडायचा सेकंडहँड मिडी पेडलबोर्ड (पायपट्ट्यांचा संच) आणि पाइप ऑर्गनचा आवाज देणारं हाउप्टवेर्क सॉफ्टवेअर यांवर सराव होतो.

दुसरी गोष्ट इम्प्रोव्हायझेशन. कोरालच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायच्या चर्चगीताच्या आधी छोटी प्रस्तावना तिथल्या तिथे रचून वाजवायची असते, आणि नोटेशन बघूनच वाजवायची सवय असलेली मुलं तिथेच अडतात. रोज एक गीत घे, त्याच्या पहिल्या ओळीवरून आठ मात्रांचं काहीतरी वाजव. वाईट वाजलं तरी थांबू नकोस.

पैशाचं सांगते. सरकारी हॉखशूलेंमध्ये, म्हणजे संगीत विद्यापीठांमध्ये, बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही, पण युरोपीय संघाबाहेरच्यांकडून बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये सत्राला 1,500 युरो घेतात, लाइपझिगच्या हॉखशूलेतही शुल्क आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, शिवाय भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज त्याचा. शिकताना रविवारी बदली ऑर्गनिस्ट म्हणून वाजवून थोडे पैसे मिळतात, आणि हात बसतो तो वेगळाच.

जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे सहज संवाद साधता येईल इतकी, नाशिकलाच उरकून ये. चाळीस आजी-आजोबांचा क्वायर समोर बसलेला असतो. त्यांना श्वास कुठे घ्यायचा हे सांगायला इंग्रजी उपयोगी पडत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला आणि चर्चचं पत्रही बरोबर घे. चर्चच्या नोकरीत सभासदत्व सहसा विचारतात, आणि तेव्हा ते इथून मागवणं फार कटकटीचं जातं.

पेडलवर पहिलं गीत बसलं की रेकॉर्डिंग पाठव. पाय दिसतील असा कॅमेरा लाव, म्हणजे टाच कुठे चुकते ते मला सांगता येईल.