वैमानिकांना कॉकपिटमध्ये पिस्तूल द्यावं का?

माझं मत : नको. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर २००२ साली कायदा झाला, आणि तिथे स्वेच्छेने प्रशिक्षण घेतलेले वैमानिक पिस्तूल बाळगतात. पण २००८ च्या मार्चमध्ये शार्लटला उतरायच्या तयारीतल्या विमानात पिस्तूल ठेवता ठेवता गोळी सुटली आणि कॉकपिट फोडून बाहेर गेली. झालं होतं काय, की होल्स्टरच्या (पिस्तूल ठेवायच्या म्यानाच्या) भोकातून ट्रिगरपाशीच कुलूप अडकवावं लागायचं, आणि त्यानेच ट्रिगर दाबला जाऊ शकायचा! विमान सुखरूप उतरलं, हे नशीब.

आपल्याकडे १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणानंतर वेगळी वाट धरली. काही विमानांत साध्या वेशातले सशस्त्र रक्षक, म्हणजे स्काय मार्शल, असतात, आणि कॉकपिटचं दार गोळीलाही दाद न देणारं झालं. दार बंद असताना वैमानिकाचं काम एकच, जवळच्या धावपट्टीवर विमान टेकवणं. मागे वळून नेम धरायचा तर विमान कोण चालवणार?

आमच्या ओझरच्या विमानतळावर केबिन बॅगेत द्राक्षछाटणीची कात्री राहिली तरी काढून ठेवावी लागते, आणि ते बरोबरच आहे. शिवाय २०१५ च्या जर्मनविंग्ज या जर्मन कंपनीच्या विमान दुर्घटनेत घात करणारा सहवैमानिकच होता, बंद दाराच्या आत बसलेला. तिथे पिस्तूल कोणाच्या हाती गेलं असतं?