एकच गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला का नाही?
बऱ्याचदा फरक यकृतातल्या एन्झाइमचा असतो. कोडीन या वेदनाशामक औषधाचंच घ्या. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं, तेव्हा कुठे दुखणं थांबतं. हे एन्झाइम बनवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती ज्यांच्यात निकामी, त्यांना गोळी घेऊनही फारसा फरक पडत नाही. उलट काहींकडे चालू प्रती दोनाहून जास्त असतात. त्यांच्यात मॉर्फिन झपाट्याने तयार होतं आणि नेहमीच्या डोसनेही श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन द्यायचंच नाही असं बजावलं, ते याच धोक्यामुळे. रक्त पातळ ठेवणाऱ्या क्लोपिडोग्रेललाही असंच आधी 'चालू' व्हावं लागतं, फक्त तिथे एन्झाइम सीवायपी२सी१९. आणि हो, एका एन्झाइममध्ये मंद असलेला माणूस दुसऱ्यात अगदी नॉर्मल असू शकतो.